पीएफटीचे कागद एकाखाली एक लावल्यावर

तीन आकडे आधी सांगतो. २००० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, फुप्फुसांच्या तपासणीत, म्हणजे पीएफटीत, माझी एफईव्ही-१ होती ३.३८ लिटर. २०१२ मध्ये ती २.९४ झाली आणि २०२४ मध्ये २.४१. छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जोर लावून सोडला, तर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते तिचं हे माप. तिन्ही कागदांवर खाली एकच शेरा आहे, ‘नॉर्मल’. तिन्ही शेरे त्या-त्या वर्षापुरते बरोबरच आहेत. तरीही चोवीस वर्षांत जवळजवळ एक लिटर कमी झालं, आणि हे कागद शेजारी-शेजारी ठेवेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत काम करतो. सुरुवात मोल्डिंगला झाली, मग बरीच वर्षं नॉकआउट आणि फेटलिंगच्या बाजूला सुपरवायझर होतो, आता तपासणी विभागात आहे. ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात, ते थिजलं की साचा फोडून आतलं कास्टिंग बाहेर काढतात. हे फोडण्याचं काम म्हणजे नॉकआउट. त्या वेळी भाजलेली, ठिसूळ झालेली वाळू उडते. नंतर कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि लोखंडाच्या कडा ग्राइंडरने साफ करतात, ते फेटलिंग. या वाळूत सिलिका असते. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाकात आणि घशातच अडकते. जी फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती इतकी बारीक असते की उन्हाच्या तिरपीतसुद्धा नीट दिसत नाही. म्हणून ‘आज धूळ कमी आहे’ हे शॉपवर नजरेने ठरवण्यात अर्थ नसतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं आणि त्या यादीत फौंड्री होती. कामावर घेण्याआधी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने कामगाराची वैद्यकीय तपासणी करायची, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवायची आणि ती नोंद त्याला पाहता आली पाहिजे, हे त्यातल्या ४१-सी कलमात होतं. आमच्याकडे याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. वर्षातून एकदा गाडी येते, रक्त घेतात, एक्स-रे काढतात, कानाची तपासणी होते आणि शेवटी ‘फुंकायची टेस्ट’. तीच पीएफटी, म्हणजे स्पायरोमेट्री.

ही टेस्ट दिसते सोपी, पण सगळ्या तपासण्यांत हीच एक अशी आहे जी माणसाने मनापासून केली तरच खरी उतरते. रक्त काढताना तुम्ही झोपलात तरी चालतं, इथे नाही. नाकाला चिमटा लावतात, पुठ्ठ्याची नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, गच्च श्वास घ्यायचा आणि मग एका झटक्यात सोडून तो रेटत राहायचा. समोर बसलेली मुलगी ओरडत असते, “फुंका, फुंका, फुंका काका! अजून, अजून, सोडू नका, अजून!” छातीतली हवा संपली असं वाटतं त्याच्यानंतरही काही सेकंद ढकलत राहावं लागतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, खोकल्याची ढास लागते. किमान तीन फुंका नीट झाल्या पाहिजेत आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोनांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा, असा नियम आहे. रांगेत पन्नास माणसं उभी असली की हा नियम पाळणं किती अवघड जातं, ते मी पाहिलेलं आहे. आमच्यातले काही जण ‘काय हुतंय रं फुंकून’ म्हणत अर्धवट फुंकून मोकळे व्हायचे, आणि मग त्यांचा आकडा उगाच खाली दिसायचा.

चांगला टेक्निशियन कसा ओळखायचा, ते मला एका मुलीकडून कळलं. सकाळी पहिला माणूस बसवण्याआधी तिने बॅगेतून पंपासारखी मोठी सिरिंज काढली, मशीनला जोडली आणि दांडा सावकाश पुढे ढकलला. मग परत मागे ओढून जोरात ढकलला. ती सिरिंज बरोबर तीन लिटरची असते. मशीनने तीन लिटरच दाखवले पाहिजेत. तीनेक टक्के इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. हळू ढकला की वेगात, उत्तर तेच आलं पाहिजे. आमच्या वजनकाट्याला आम्ही जसं प्रमाणित वजन ठेवून तपासतो तेच हे, त्यामुळे मला तिच्या कामाबद्दल लगेच आदर वाटला. मी विचारलं, “रोज करता?” ती म्हणाली, “रोज. नाहीतर काका, तुमचं फुप्फुस कमी झालं की माझं मशीन बिघडलं, हे कसं कळणार?”

कागद एकत्र करायचं कारण वेगळंच घडलं. फेटलिंगमधल्या माझ्या एका सहकाऱ्याला टीबी झाला. सिलिकाच्या धुळीत काम केलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो, म्हणून त्याच्या डॉक्टरांनी जुने एक्स-रे आणि पीएफटी मागितले. त्याच्यासोबत मी एचआरला गेलो. त्याची फाईल निघाली तसा मी म्हणालो, माझीही काढा. मधली काही वर्षं सापडली नाहीत, पण बहुतेक सापडली. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून मी कोल्हापुरातल्या एका छातीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमना दाखवायला गेलो. मला त्रास काहीच नव्हता. जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागायचा, तो सगळ्यांनाच लागतो.

मॅडमनी आधी टक्केवारीच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवली, तो रकाना झाकलाच. म्हणाल्या, “आधी फक्त लिटर वाचा.” त्या सांगत गेल्या आणि मी त्यांच्याच पॅडवर वर्ष आणि लिटर लिहीत गेलो.

टक्केवारी का झाकली, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रिपोर्टवर जे ९० टक्के, ९५ टक्के येतं ते तुमच्या वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाशी केलेली तुलना असते. दरवर्षी तुमचं वय वाढतं, तशी ती अपेक्षाही खाली सरकते. तुम्ही तिच्यापेक्षा थोडे भरभर उतरत असाल तरी टक्का सावकाशच हलतो, आणि ८० च्या वर आहे तोवर साधारणपणे शेरा ‘नॉर्मल’च पडतो. २००० साली मी १०६ टक्के होतो, आता ८५ आहे. दोन्ही नॉर्मल. शिवाय ही अपेक्षा कोणत्या सूत्राने काढायची ते मशीनवर अवलंबून असतं. २०१५ मध्ये माझे २.७९ लिटर म्हणजे ९८ टक्के होते. पुढच्या वर्षी तपासणीची एजन्सी बदलली, मशीन बदललं, आणि २.७६ लिटरचे झाले ९० टक्के. हवा कमी झाली ३० मिलिलिटर, टक्के गेले आठ. नव्या मशीनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय सूत्रं होती, जुन्यात कुठली तरी वेगळी. त्यानंतर २०२२ साली आणखी नवी सूत्रं आली, त्यांत माणसाचा वंश विचारात घेतलेला नाही. म्हणजे टक्का पुन्हा हलू शकतो. लिटर मात्र लिटरच राहतात.

लिटरवरही एका वर्षात भरवसा ठेवता येत नाही. २००८ च्या कागदावर माझे २.७१ होते. कागद पाहून मी घाबरलो; मॅडमनी विचारलं, “तेव्हा सर्दी-खोकला होता का?” होता, महिनाभर ढास होती. २००९ ला आकडा ३.०५ वर परत आला होता. वर्षावर्षाच्या दोन मापांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मापण्याच्या पद्धतीमुळेही पडू शकतो, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरायचं नाही आणि एका आकड्यावरून निर्धास्तही व्हायचं नाही. पाच-सहा वर्षांचे ठिपके जोडल्यावर जी रेघ तयार होते, तिला किंमत आहे.

माझी रेघ वर्षाला सरासरी ४० मिलिलिटर उतरत आली आहे. सिगारेट-बिडी न ओढणाऱ्या निरोगी माणसाची साधारण २५ ते ३० उतरते. मी आयुष्यात बिडी ओढलेली नाही. चोवीस वर्षांत ६०० ते ७२० मिलिलिटर वयानेच जायचे होते. माझे ९७० गेले. जास्तीचे पाव लिटर किंवा त्याहून थोडे अधिक.

उतरते म्हणजे काय होतं, हेही मॅडमनी सावकाश सांगितलं. फुप्फुसांची वाढ विसाव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत चालते, काही वर्षं ती त्याच पातळीवर राहतात आणि तिशी-पस्तिशीनंतर सगळ्यांचीच घसरण सुरू होते. फुप्फुस स्वतःहून आक्रसतं म्हणून श्वास बाहेर पडतो. वयाबरोबर त्यातले लवचिक तंतू जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे सैल होतात. बारीक श्वासनलिकांना बाहेरून ताणून उघडं ठेवण्याचं कामही हेच तंतू करतात, त्यामुळे जोरात श्वास सोडताना या नलिका लवकर मिटायला लागतात आणि हवा आत अडकते. बरगड्यांचे सांधे ताठर होतात, श्वासपटलाचा जोर कमी होतो. गंमत अशी की फुप्फुसात मावणारी एकूण हवा फारशी कमी होत नाही. वाढते ती बाहेर न निघणारी, तळाशी साचून राहणारी हवा. म्हणून श्वास ‘घेता येत नाही’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा आधीचा श्वास पुरता सोडलेलाच नसतो.

आणि हे कळत का नाही? बसल्या जागी आपल्याला मिनिटाला सहा-सात लिटर हवा पुरते. धडधाकट माणूस जोर लावला तर शंभर लिटरहून जास्त आत-बाहेर करू शकतो. एवढी शिल्लक असल्यावर त्यातला बराच भाग गेला तरी रोजच्या कामात अडत नाही. जिना चढताना थांबावं लागतं तेव्हा आपण वयाला, वजनाला, गुडघ्यांना बोल लावतो.

मॅडमनी मला फवाऱ्याचं औषध दिलं, साल्बुटामॉल, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. २.४१ चे २.४७ झाले. औषधाने नलिका फारशा उघडल्या नाहीत, म्हणजे दम्याची शक्यता कमी. एका सेकंदातली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचं गुणोत्तर २००० साली ८३ टक्के होतं, आता ७३ आहे. फवाऱ्यानंतरही ते ७० च्या खाली राहिलं तर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मी त्या रेषेच्या वर आहे. सिटी स्कॅनमध्ये सिलिकोसिसच्या, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या आजाराच्या, गाठी दिसल्या नाहीत. रक्तात वायू किती शिरतो ते मोजणारी डीएलसीओ नावाची तपासणी किंचित कमी आली. निदान असं काही नाही. “धूळ, लहानपणचा धूर, घरातली बिडी, यातलं कशाने किती गेलं हे वाटून देता येत नाही,” असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मला ते आवडलं.

घरातली बिडी माझ्या वडिलांची. तेही मोल्डरच होते. शेवटची काही वर्षं खाटेवर उशांना टेकून बसूनच झोपायचे, सगळे म्हणायचे दमा आहे. त्यांची पीएफटी कधी झालीच नाही, त्यामुळे ते कुठून कुठे उतरले हे आता कुणालाच कळणार नाही. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो या संशोधकांनी लंडनमधल्या ७९२ कामकरी पुरुषांची आठ वर्षांची मापं मांडून दाखवलं, की धूम्रपानाचा त्रास ज्यांना बाधतो त्यांची रेघ भरभर उतरते, पण ओढणं सोडलं की उताराचा वेग न ओढणाऱ्यांइतका होतो. गेलेलं परत येत नाही, पुढचं वाचतं. माझ्या वडिलांना पन्नाशीत हे कुणी त्यांच्याच आकड्यांवर दाखवलं असतं तर त्यांनी बिडी सोडली असती, असं मला खरंच वाटतं. डॉक्टर ओरडले तर ते ऐकायचे नाहीत, पण मापावर त्यांचा विश्वास होता.

पुढच्या वेळी मी आईलाही घेऊन गेलो. वय शहात्तर, बिडीला हात लावलेला नाही, तंबाखूची मिश्रीसुद्धा नाही. पण लग्नाआधीपासून चूल. ऊस तुटला की पाचट, एरवी शेणी आणि तुराट्या, पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर घरभर. टेक्निशियन म्हणाली, “आजी, जोरात फुंका.” आई नळीकडे बघत म्हणाली, “चुलीला फुकून जन्म गेला बाई, आता हितं बी फुकू?” पण फुंकली, आणि माझ्यापेक्षा नीट फुंकली. तिचं गुणोत्तर फवाऱ्यानंतर ५८ आलं, एफईव्ही-१ अपेक्षेच्या ५२ टक्के. सीओपीडी, मध्यम. स्क्रीनवरची तिच्या त्या एका फुंकीची रेघ शिखरावरून उतरताना आत खोल खचलेली होती. माझी तशी खचलेली नव्हती, पण २००० सालच्या कागदावर होती तेवढी सरळही राहिली नव्हती.

इतकी वर्षं आईच्या धापेला आम्ही सगळे वय म्हणत आलो होतो. २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला होता. त्यांत चुलीपुढे आयुष्य गेलेल्या किती आया असतील, आणि त्यांच्यापैकी किती जणींनी ती नळी कधी तोंडात धरली असेल? आईला आता रोजचा इनहेलर आहे. शेजारच्या बायका ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तिला घाबरवतात. मी प्रत्येकीला बसवून सांगतो, की गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध लागतं, ते थेट जागेवर जातं आणि सवय लागत नाही. पंप लपवून ठेवायची गरज कुणालाच वाटू नये, याची मला तळमळ आहे.

मुलगा चोवीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. त्याला मुद्दाम बोलावून त्याची पीएफटी केली, ३.७१ लिटर. त्याला वाटलं मी घाबरलोय. कारण वेगळं होतं. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात असं निघालं, की सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांची रेघ भरभर उतरलेलीच नव्हती. तरुणपणीच ती खालून सुरू झाली होती. म्हणजे तरुणपणी किती होती हे माहीत नसेल, तर साठीतल्या कमी आकड्याचा अर्थ लावता येत नाही. माझा २००० चा कागद नसता तर मॅडमनी माझ्या ८५ टक्क्यांकडे पाहून मला घरी पाठवलं असतं, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं.

माझ्यापुरतं ठरलं ते असं: दरवर्षी एकाच मशीनवर, हिवाळ्याच्या आधी, सर्दी नसताना मोजायचं. डीएलसीओ दोन वर्षांनी पुन्हा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची घेतली. शॉपवर जायचं असेल तर नाकाला रुमाल नाही, नीट बसणारा एन-९५. औषध काही नाही. रोज रंकाळ्याला फेरी मारतो. चालण्याने गेलेले लिटर येत नाहीत, पण उरलेल्यांत पाय आणि हृदय जास्त काम काढतात, असं मॅडम म्हणतात आणि मला ते जाणवतं.

कारखान्यात मी सुरक्षा समितीत आहे. तिथे मागणी मांडली, की मेडिकलनंतर प्रत्येकाला ‘फिट’चा शिक्का मारलेला एक कागद देऊन भागणार नाही, लिटर, गुणोत्तर आणि ग्राफ असलेलं पान मिळालं पाहिजे, आणि त्यावर त्या माणसाचे मागचे आकडेही छापलेले असले पाहिजेत. एचआरच्या नव्या साहेबांनी खळखळ न करता ऐकलं. यंदाच्या मेडिकलला सगळ्यांना ग्राफसकट प्रत मिळाली, ठेकेदाराकडच्या पोरांनासुद्धा. जुने आकडे अजून फायलींतच आहेत. नॉकआउटच्या माणसांपासून सुरुवात करून ते टाइप करायचं काम मी आणि स्टोअरमधला एक मुलगा दुपारच्या सुट्टीत करतोय. २०११ पर्यंत आलोय.